सर, फक्त आठशे शब्द

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटासमोर थोडा वेळ उभं राहून पाहावं. प्रबंधाच्या नावात एक अपूर्णविराम असतो आणि त्यानंतर 'एक चिकित्सक अभ्यास' असतो. चिकित्सक नसला तर विश्लेषणात्मक, तोही नसला तर तौलनिक. अपूर्णविरामाच्या अलीकडे एखादा जिल्हा, जिल्ह्यापाठोपाठ 'निवडक' आणि मग कंसात कालखंड. समजा, एका माणसाने पाच वर्षं कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर काढली. पहाटेच्या थंडीत काहिलीशेजारी उभा राहिला, गुळव्याचा विश्वास मिळवला, चुलवाणात जळण सारणाऱ्याची मजुरी वहीत टिपली, ढेपेच्या रंगावरून भाव कसा ठरतो ते शिकला. एवढं सगळं करून त्याच्या प्रबंधाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत काय छापलं जाईल? 'कोल्हापूर जिल्ह्यातील निवडक गूळ उत्पादन केंद्रांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास (१९९० ते २०१०) : एक चिकित्सक अभ्यास'. अभ्यास दोनदा, गूळ एकदा.

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. 'गुळाची गोष्ट' असं नाव घेऊन कुणी नोंदणीला गेलाच, तर समितीतली मंडळी त्याला चहा पाजतील, घरच्यांची चौकशी करतील आणि प्रेमाने परत पाठवतील. पंचाईत पुढेच होते. प्रबंध मंजूर होतो, माणूस 'सर' होतो आणि एके दिवशी ऑगस्ट महिन्यात दिवाळी अंकाच्या संपादकाचा फोन येतो.

"सर, गुऱ्हाळांवर एक लेख हवाय. आठशे शब्द."

"आठशे? अहो, माझी प्रस्तावनाच..."

"प्रस्तावना नको, सर. गूळ हवा."

सर होकार देतात. तीनदा आठवण करून दिल्यावर लेख येतो तो चार हजार शब्दांचा. सुरुवात मानवी संस्कृतीच्या उषःकालापासून. वैदिक वाङ्मयातला ऊस, मग मध्ययुगीन व्यापार, मग वसाहतवाद. चौथ्या पानावर कोल्हापूरची वेस दिसू लागते आणि तिथे हे वाक्य उभं असतं: 'सदर कालखंडात गुऱ्हाळांच्या संख्येत काही प्रमाणात घट झाली असावी असे म्हणण्यास वाव आहे असे प्रस्तुत संशोधकास वाटते.' प्रस्तुत संशोधक म्हणजे स्वतः सर. बंद पडलेली गुऱ्हाळं त्यांनी मोटरसायकलवरून हिंडून एकेक करून मोजली आहेत. घट झाली 'असावी' नव्हे, झाली आहे. आणि ती कुणामुळे झाली हे त्यांना नावगावासकट ठाऊक आहे. तेच फोनवर विचारा, सर अर्धा तास सांगतील आणि ऐकणारा जेवण विसरेल.

मग कागदावर हा 'वाव' कुणासाठी राखून ठेवलेला असतो? वाचकासाठी नक्कीच नाही. वाचकाची सरांना भीती वाटत नाही, कारण वाचक त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. भीती असते शेजारच्या केबिनमधल्या सरांची. दिवाळी अंक ते विकत घेणार नाहीत, पण लेख मात्र मिळवून वाचतील आणि स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतील, "घट म्हणताय, पण करवीर तालुक्यापुरतीच ना?" या एका प्रश्नाच्या धास्तीने सर प्रत्येक वाक्याबरोबर एक वकील पाठवतात. चार हजार शब्दांतले अडीच हजार त्या एका माणसासाठी लिहिलेले असतात. संशोधकाला लोकांसाठी लिहायला मदत करायची तर शब्द सोपे करणं हे दुय्यम काम. आधी त्या शेजाऱ्याला खोलीबाहेर न्यावं लागतं.

हा आजार काही मराठी नाही. न्यूझीलंडमधले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डेनिस डटन यांनी नव्वदच्या दशकात वाईट विद्वत्-लेखनाची स्पर्धाच चालवली. १९९८ साली पहिला क्रमांक ज्युडिथ बटलर यांच्या एका वाक्याला मिळाला; वाक्य एकच, पण शब्दसंख्या नव्वदीच्या पुढे. दुसरा क्रमांक होमी भाभा यांचा. अणुऊर्जावाले होमी भाभा नव्हेत. ते बिचारे १९६६ सालीच विमान अपघातात गेले. हे मुंबईतच जन्मलेले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले, साहित्याचे प्राध्यापक होमी के. भाभा. बटलर यांची बाजूही ऐकायला हवी. रूढ समजुती उलटून पाहायच्या तर कधीकधी अवघड भाषा लागते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य आहे. मात्र हे म्हणणं मांडायला त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स' हे दैनिक निवडलं आणि तो लेख चांगला स्वच्छ, समजेल असा लिहिला.

१९९६ साली अॅलन सोकल या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने त्याहून वाईट प्रकार केला. भारदस्त शब्दांत मुद्दाम रचलेला निरर्थक निबंध त्याने 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकाला पाठवला, त्यांनी तो छापला, आणि मग त्याने जाहीर केलं की ही थट्टा होती. म्हणजे तिथे तर शेजारच्या केबिनलाही कळलं नव्हतं.

आणि एवढा भारदस्तपणा करून मिळतं काय? डॅनियल ऑपेनहायमर (हेही बॉम्बवाले नव्हेत, आडनावांचं आज काही खरं नाही) या मानसशास्त्रज्ञाने तेच मजकूर साध्या आणि विनाकारण जड शब्दांत लोकांना वाचायला दिले. जड शब्दांतला मजकूर वाचणाऱ्यांनी लेखकाला कमी हुशार ठरवलं. या शोधाला २००६ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाला मिळणारं थट्टेतलं नोबेल, मिळालं. आपल्या निबंधाचं शीर्षक मात्र ऑपेनहायमर यांनी जमतील तेवढे जड शब्द वापरून केलं होतं, कारण विनोदही विद्वानाला चिकित्सकपणेच करावा लागतो.

शेजाऱ्याला बाहेर काढण्याचं काम कसं होतं, हे पाहायचं तर पीटर गझार्डी या गृहस्थाकडे पाहावं. हे बँटम प्रकाशनाचे संपादक. विश्वरचनाशास्त्राशी त्यांचा संबंध वाचकाइतकाच. त्यांच्यापुढे स्टीफन हॉकिंग यांचं हस्तलिखित आलं. हॉकिंग प्रकरण लिहून पाठवायचे, गझार्डी त्यावर शंकांची लांबलचक यादी परत पाठवायचे. हे कळलं नाही, ते कसं काय, इथून तिथे कसे आलात. हॉकिंग यांनी ते दुरुस्त करून पाठवलं की नवी यादी. हे कधी संपणारच नाही असं आपल्याला वाटू लागलं होतं, पण पुस्तक त्यामुळेच सुधारलं, अशी कबुली हॉकिंग यांनी पुढे दिली आहे. प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल असंही त्यांना कुणीतरी बजावलं होतं. त्यांनी एकच समीकरण ठेवलं, आइन्स्टाइनचं ते प्रसिद्ध. १९८८ साली 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' आलं आणि त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. त्यातल्या किती शेवटपर्यंत वाचल्या गेल्या, हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत.

गझार्डींनी केलं ते सोपं दिसतं, पण मराठी संपादकाला ते जड जातं. इथे संपादक सरांना 'सर' म्हणतो, तिथेच हरतो. सरांना 'कळलं नाही' असं सांगणं म्हणजे आपलंच अज्ञान जाहीर करणं, असं त्याला वाटतं. त्यापेक्षा तो लेख तसाच छापतो आणि वर चित्रकाराकडून उसाचं एक छान चित्र काढून घेतो. खरं तर संपादकाच्या पगारात न कळण्याचं काम धरलेलं असतं. ते त्याने निलाजरेपणाने करावं.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांना यातली खुबी फार लवकर उमगली होती. 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट दैनिकात त्यांनी कामगारांसाठी शेकडो विज्ञानलेख लिहिले. १९५७ साली ते भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. विज्ञानलेख कसा लिहावा याबद्दलही त्यांनी लिहून ठेवलं आहे. सुरुवात वाचकाला माहीत असलेल्या गोष्टीपासून करा; पक्ष्याचं गाणं चालेल, चीजही चालेल. लेख झाला की मित्राला वाचायला द्या, आणि मित्र शक्यतो अडाणी असावा. असा मित्र नसेल तर लेख सहा महिने बाजूला ठेवा आणि मग तो स्वतःला तरी कळतो का ते पाहा. मराठी प्राध्यापकाची अडचण अशी की त्याचे सगळे मित्र प्राध्यापकच असतात. उरते बायको. ती वाचून 'छान झालाय' म्हणते, कारण तिला इतरही कामं असतात.

अडाणी मित्राच्या शोधात काही सर भलत्याच दिशेला जातात. "असं लिहितो की आमच्या भाजीवालीलाही कळेल," असं ते संपादकाला आश्वासन देतात, आणि मग लेखात 'तर मित्रांनो', 'गंमत पाहा हं' आणि तीन उद्गारचिन्हं येतात. कोथिंबिरीचा भाव सकाळी काय, दुपारी काय आणि पाऊस पडल्यावर काय, याचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईला सरांची बाजारपेठ समजणार नाही ही कल्पनाच धाडसाची. तिला अडचण आकलनाची नसून 'सामाजिक-आर्थिक परिप्रेक्ष्या'ची असते.

या दोन टोकांमधली जागा अमेरिकन अभिनेते अॅलन आल्डा यांनी मुलांकडून शोधून घेतली. ते स्वतः अकरा वर्षांचे असताना त्यांनी शिक्षिकेला विचारलं होतं, ज्योत म्हणजे नेमकं काय? उत्तर आलं: ऑक्सिडेशन. विषय संपला. हे उत्तर त्यांना जन्मभर सललं असणार, कारण २०१२ साली त्यांनी शास्त्रज्ञांसाठी स्पर्धा लावली: अकरा वर्षांच्या मुलांना ज्योत म्हणजे काय ते समजावून सांगा, परीक्षक मुलंच. आठशेहून अधिक प्रवेशिका आल्या. बेन एम्स नावाच्या एका पीएच. डी. करणाऱ्या पदार्थवैज्ञानिकाने गाण्यासकट अॅनिमेशन करून स्पर्धा जिंकली. मुलांचा एक अभिप्राय आल्डा पुढे सांगत असत, तो प्रत्येक विद्यापीठात फ्रेम करून लावावा असा आहे: विनोद करा, पण बाळबोध होऊ नका, आम्ही अकरा वर्षांचे आहोत, सात नव्हे.

मराठीत हे ज्यांना अगदी आतून कळलं होतं, त्या जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला गर्दी करत. ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. यात सगळं आलं. प्रश्न वाचकाचा, जागा पोस्टकार्डाएवढी, वैदिक वाङ्मयाला वाव नाही आणि शेजारच्या केबिनवाल्याला बसायला खुर्चीही नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली, तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या या जगप्रसिद्ध प्राध्यापकाने आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून 'कृष्णविवर' ही कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली आणि पाठवून दिली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकर हे नाव पाहून परीक्षकांनी भीड बाळगू नये, हा हेतू. आपल्याकडे पुष्कळ सर याच्या बरोबर उलट करतात. नावाआधी आणि नावानंतर पदव्यांच्या दोन रांगा लावतात आणि मगच पहिलं वाक्य लिहायला घेतात.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल हेही याच पंथातले. स्थिर विश्वाच्या सिद्धांताचे ते कट्टर पुरस्कर्ते. १९४९ साली बीबीसी रेडिओवर श्रोत्यांना समजावून सांगताना त्यांनी विरोधी सिद्धांताचा उल्लेख 'बिग बँग' असा केला. बोलता बोलता नाव ठेवलं गेलं, आणि तेच चिकटलं. सोपं बोलण्यातला धोका म्हणतात तो हाच: लोकांच्या ते लक्षात राहतं.

सामाजिक शास्त्रांत तर सरांना परदेशी जायचंही कारण नाही. इरावती कर्वे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या. विषय होता कवटीच्या दोन बाजूंची असमानता. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, १९५३ साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रांतोप्रांतीच्या नातेवाचक शब्दांच्या याद्या आहेत. तो जगभरच्या केबिनांसाठी होता आणि तसा तो पक्का आहे. त्याआधीच 'परिपूर्ती' नावाच्या मराठी लेखात त्यांनी तोच विषय अगदी निराळ्या दाराने आत आणला होता. सभेत बाईंची ओळख कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते, तरी कुठेतरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. घरी परतताना रस्त्यावरची पोरं आपसात म्हणतात, ती बघ आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पुरी होते. नात्याने माणसाची ओळख कशी बनते, हे त्यात तळटीपेशिवाय सांगितलं आहे आणि सांगणाऱ्या बाई त्यात स्वतः रस्त्याने चालत आहेत. 'प्रस्तुत संशोधिका' चालत नाही. मराठी प्राध्यापकांना हा लेख शाळा-कॉलेजातच भेटलेला असतो, कित्येकांनी तो शिकवलेलाही असतो. पण शिकवणं वेगळं.

'मी' लिहायला सांगितलं की सर लाजतात. वीस वर्षं ज्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रबंधातला प्रत्येक 'मी' लाल शाईने खोडला, त्यांना आता स्वतःच्या लेखात तो बसवायचा म्हणजे धर्म बाटल्यासारखं वाटतं. संपादकाने इथे चलाखी करावी. लेख मागूच नये. फोन करावा, विचारावं, "सर, पहिल्यांदा गुऱ्हाळावर गेलात तेव्हा काय झालं?" आणि बोलणं उतरवून घ्यावं. नंतर ते टाइप करून पाठवलं की सर म्हणतात, "हे फार साधं झालंय." तेव्हा समजावं, लेख झाला.

वेळेची मर्यादा घालणं हाही उपाय आहे, आणि त्याचा उगम न्हाणीघरात आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. पाणी वाचवायला लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावून आंघोळ उरकत. तिथल्या विद्यापीठातल्या अॅलन लॉसन यांच्या मनात आलं, आंघोळ तीन मिनिटांत होते तर प्रबंध का नाही? २००८ पासून 'थ्री मिनिट थीसिस' ही स्पर्धा सुरू झाली. एकच स्लाइड, तीन मिनिटं, पुढे बोललात तर बाद. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध नुसता वाचून दाखवायला नऊ तास लागतील, असा हिशेब स्पर्धेचे लोकच देतात. आता ही स्पर्धा जगभरच्या विद्यापीठांत होते. दुष्काळाच्या बाबतीत मराठवाडा क्वीन्सलँडला मुळीच मागे नाही, पण आपल्याकडच्या व्याख्यानांवर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही.

आपल्या सरकारचंही या प्रश्नाकडे लक्ष आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली एक योजना आणली: पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांनी आपल्या संशोधनावर लोकांना समजेल असा लेख लिहावा, पहिलं बक्षीस एक लाख रुपये. कल्पना उत्तम, रक्कम उत्तम. सोपं लिहा, हे सांगणाऱ्या या योजनेचं नाव 'ऑगमेंटिंग रायटिंग स्किल्स फॉर आर्टिक्युलेटिंग रिसर्च'. आद्याक्षरं जुळवून ते 'अवसर' असं होतं, हे नशीब.

संपादकांनीही फार शुद्ध असल्याचा आव आणू नये. सरांनी लिहिलेलं असतं की उंदरांवरच्या प्राथमिक प्रयोगात काही आशादायक संकेत दिसले. छापलं जातं 'गुळात दडलाय कर्करोगावर उपाय!' मग शेजारच्या केबिनला जन्माचं खाद्य मिळतं आणि सर पुन्हा कधी फोन उचलत नाहीत. लिओन लेडरमन या नोबेलविजेत्याने १९९३ साली हिग्ज कणावरच्या पुस्तकाला 'द गॉड पार्टिकल' असं नाव दिलं. आपल्याला त्या कणाला एक शिवी द्यायची होती, प्रकाशकाने देऊ दिली नाही, असं ते गमतीने सांगत. २०१२ साली सर्नमध्ये कण सापडला, तेव्हा आपल्या वृत्तवाहिन्यांनी 'देवकण' म्हणून त्याचं जे स्वागत केलं, ते पाहता शिवी परवडली असती. २०११ साली मेलबर्नला निघालेल्या 'द कन्व्हर्सेशन' या संकेतस्थळाची रीत या बाबतीत शहाणपणाची आहे. लेखक प्राध्यापक, संपादक पत्रकार. भाषा सोळा वर्षांच्या वाचकाला झेपेल अशी आहे का हे दाखवणारी मोजपट्टी लिहितानाच समोर असते, आणि लेखकाने शेवटचा होकार दिल्याशिवाय काही प्रसिद्ध होत नाही. शीर्षकावर भांडण व्हायचं ते छापण्याआधी होतं.

राहता राहिला व्यवहार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत प्राध्यापकांच्या संशोधनाचे गुण मोजण्याचा तक्ता आहे. मान्य नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला विज्ञान शाखांत ८ गुण, भाषा आणि मानव्य शाखांत १०. पुस्तकाला गुण आहेत, पुस्तकातल्या प्रकरणाला आहेत, भाषांतराला आहेत, चर्चासत्रातल्या व्याख्यानालाही आहेत. दिवाळी अंकातल्या लेखासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. म्हणजे जे चार जण वाचतील त्याचे दहा गुण आणि जे चार हजार वाचतील त्याचं मानधन अंकाची एक प्रत, तीही डिसेंबरात, टपालात कोपरा दुमडलेली. एवढ्यावरही जे सर लिहितात, ते हौसेने लिहितात आणि त्या हौसेला कुठूनही पोचपावती येत नाही. आली तर ती शेजारच्या केबिनमधून येते, करवीरपुरती.

म्हणून वाचकांना एक विनंती. यंदाच्या दिवाळी अंकात एखाद्या संशोधकाचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, तर अंकाच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने दोन ओळी जरूर पाठवा. कुठे अडलात तेही स्पष्ट लिहा. कौतुक नसलं तरी चालेल. एखादा प्रश्न असला तर फारच चांगलं.